चष्मा पुसणं

सुभाष रोडवरच्या झेरॉक्सवाल्या अण्णांबरोबर मी कॉलेज सुटल्यावर दुपारचा डबा खातो. डबा उघडण्याआधी ते मान खाली घालून बराच वेळ चष्मा पुसत. तेव्हा ते येशूची प्रार्थना करतात, हे फक्त मला ठाऊक होतं. मीही येशूला मानतो, घरी सांगितलेलं नाही, हे फक्त त्यांना.

परवा त्यांनी चष्म्याला हातच लावला नाही. हात जोडून मोठ्यानं प्रार्थना म्हटली.

शेजारचा दुकानदार हसला. “एन अण्णा, काय हे? येशूचे कधी झालात?”

“झालो कधीच. सांगतोय आज.”

“आणि कॉलेजवाले, तुम्हीपण काय?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपला डबा उघडला.

मी माझा चष्मा काढला आणि पुसत बसलो.