पहाटेची हवा

बाबा हट्टी, आणि त्यांची मुलगी म्हणून मीही काही कमी नाही. आमचं भांडण चालायचं ते पहाटेच्या हवेवरून.

फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर बाबांनी अंधारातच फिरायला जायचा नेम धरला. आई गेल्यावरही तो सुटला नाही. मागच्या हिवाळ्यात त्यांचा खोकला हटेना, छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टरांनी धुरापासून जपायला सांगितलं. बाबांना ते एवढं पटलं की ते आणखीच लवकर उठू लागले. पहाटेइतकी शुद्ध हवा दुसरी नाही, असं त्यांचं ठाम मत.

मी कॉलेजात हवामान शिकवते. डोंगर ढग अडवतात, पाऊस पाडतात, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. पण थंडीच्या रात्री आमच्या भोवतालच्या टेकड्यांवरची गार, जड हवा उतारावरून खाली येऊन वस्तीत साचते. तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. मग गोहलपूरच्या आमच्या सखल गल्लीतल्या शेकोट्यांचा, कारखान्यांचा धूर उन्हं चढेपर्यंत तिथंच कोंडून राहतो. हे मी बाबांना परोपरीने सांगितलं.

"अच्छा, म्हणजे तुझं पुस्तक माझ्या नाकापेक्षा हुशार," ते म्हणाले. "काहून मला घरात कोंडून राहिली?"

त्यांचं काही बरंवाईट होईल या धास्तीने माझी झोप उडाली होती. शेवटी एका पहाटे त्यांना गाडीत बसवून मदनमहालच्या टेकडीवर घेऊन गेले. वर पोचल्यावर त्यांनी आपणहून मफलर सैल केला. घरापेक्षा इथं थंडी कमी कशी, याचं त्यांना नवल वाटलं. उजाडलं तेव्हा खाली शहर दिसतच नव्हतं. राखाडी धुराचा थर, वरून पाटासारखा सपाट, आणि त्यातून डोकं काढलेल्या पाण्याच्या दोन-चार टाक्या. आपली गल्ली कुठं बुडाली आहे, ते मी बोटाने दाखवलं.

जिंकले, असं मला वाटलं.

"तुझ्या आईला दमा होता," बाबा म्हणाले. "पहाटे फिरायला नाही म्हणत होती ती. मीच रोज ओढून नेत होतो. हवा चांगली म्हणून."

त्यांना वाचवायला इथं आणलं होतं, आणि हे काय दाखवून बसले मी? तेव्हा कुणाला माहीत होतं, असं मी म्हटलं. ते खरंही होतं. पण त्यांचे डोळे वाहतच राहिले, आणि मलाही रडू आवरेना.

थोड्या वेळाने ते गुडघ्यावर हात टेकून उठले. आमच्या घरासमोर राहणारा मुलगा धाप लागणाऱ्या आपल्या आईला रोज उजाडताच फिरवतो, हे मलाही माहीत होतं.

"चलो, खाली जाऊ," बाबा म्हणाले. "तो निघून राहिला असेल तिला घेऊन. तू नको बोलू, तुझं ऐकणार नाही तो. मी काय केलं, ते मीच सांगतो त्याला."