राजेंद्रचं मेडिकल

१९९६ साली पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या तोंडाशी, एक माणूस माझ्या स्कूटरवर एकाच वेळी चार दिशांनी चाल करून आला. उजवा पाय महाबळेश्वरला निघालेला, डावा महाडला परत चाललेला, आणि उजवा हात छातीशी असा आवळलेला की त्यात कुणाची तरी चोरलेली कोंबडी असावी. याला नेमकं कुठे जायचंय ते ठरवता ठरवता मी भाताच्या खाचरात जाऊन पडलो. त्याने मला चिखलातून ओढून काढलं आणि वर सुनावलं, “काका, रस्त्याला बघून चालवत जा वो!”

हा राजेंद्र. बौद्धवाडीतल्या नीलाबाईंचा मुलगा. जन्मताना मेंदूला इजा झाली, डॉक्टरी भाषेत सेरेब्रल पाल्सी. वाडीने त्याचं सोपं करून ‘वाकडा’ केलं होतं. चालताना तो अडखळायचा, धावताना मात्र अडखळायलाच वेळ नसायचा. शाळेतल्या चिंतामणी सरांनी त्याला आठशे आणि पंधराशे मीटरला उतरवलं. अपंगांच्या स्पर्धेत तो जिल्ह्यात पहिला आला, मग राज्यात पहिला. गावाने दर वेळी सत्कार केला, दर वेळी शाल दिली. धावणाऱ्या माणसाला बूट लागतात ही शंका एकाही अध्यक्षाला आली नाही. कोकणच्या उकाड्यात राजेंद्र तेवढा शालींच्या बाबतीत श्रीमंत झाला.

मग २००० साली पुण्याच्या राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं आलं. पहिल्या तिघांत आला तर भारताच्या संघातून परदेशी. फक्त शर्यतीआधी मेडिकल होणार होतं.

आणि इथे आमचा तालुका आडवा आला. आमच्याकडे मेडिकल म्हणजे एकच, सैन्यभरतीचं. घरटी एक माणूस फौजेत, आणि पाय वाकडा निघाला म्हणून परत आलेलाही घरटी एक. सरांनी बजावलं, “मेडिकलला काही दिसता कामा नये!”

“सर,” राजेंद्र म्हणाला, “पाय वाकडा हाय म्हणून तर बोलावलाय ना?”

“तू धाव. डोकं आम्ही चालवतो.”

त्यांनी ते चालवलं. नीलाबाईंनी मुलगी दाखवायच्या तयारीनेच मुलाला हाती घेतलं. रोज गरम तेलाने मालिश, मग अंगणात फेऱ्या. “हात खाली सोड. हळू चाल. मान वर नको करू, उद्धट वाटतो.”

“आये, मला नवरा बघायला येनार हाय काय?”

“गप रे! चार लोकांत नाव काढ.”

त्याने नाव काढलं. पुण्यात सकाळी माउलीने पुन्हा रगडून मालिश केली, आणि राजेंद्र डॉक्टरांसमोर असा अलगद चालला की हातात पोह्यांची बशी तेवढी नव्हती. डॉक्टर म्हणाले, “छान चालतोस की!” नीलाबाईंना कृतकृत्य वाटलं. डॉक्टरांनी त्याला सर्वांत कमी अपंगत्वाच्या गटात टाकलं. ते मेडिकल माणूस नापास करायला नव्हतंच, कुणाला किती त्रास आहे ते बघून बरोबरीचे गडी लावायला होतं. हे सरांना गटांची यादी लागल्यावर कळलं.

सर धावत डॉक्टरांकडे गेले. “साहेब, आमचा मुलगा मुळीच नीट चालत नाही हो!”

“माझ्यासमोर चालला.”

“ते आम्ही शिकवलं!”

“चांगलं शिकवलंत,” डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खेळाडूला हाक मारली.

त्या गटातल्या गड्यांचं अपंगत्व शोधायला भिंग लागलं असतं. पंधराशेच्या शर्यतीत दुसऱ्या फेरीपर्यंत राजेंद्र त्यांच्या पाठीला चिकटून होता. मग मालिश उतरली, पाय कडक झाला, आणि ते सगळे त्याला सोडून गेले. शेवटची अर्धी फेरी तो मैदानावर एकटाच धावत होता. कडेला नीलाबाई ओरडत होत्या, “वाकडा धाव रे, वाकडा धाव!”

तो शेवटचा आला. गट बदलला नाही, आणि पुन्हा बोलावणंही आलं नाही. २००३ साली राजेंद्र महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. काम बसून करायचं आहे.