कोठीतली वाटी

म्हातारी आता कशाला उकरून काढते, असं कोणी म्हणेल. काढते. इतकी वर्षं गिळून बसले, तेच जास्त झालं.

लढाईचे दिवस होते, स्वराज्य यायचं होतं. मी चौदा वर्षांची, एरंडोलजवळच्या खेड्यात नवी सून. थोरल्या जाऊबाई पुन्हा बाळंत झाल्या, मुलगी झाली, आणि त्यांच्या दीड वर्षाच्या मुलाचं अंगावरचं दूध तुटलं. पोर वाळत चाललं. मांड्यांची कातडी नुसती लोंबायची. सासूबाईंनी त्याला भरवायचं काम माझ्यावर टाकलं. दुधात कुस्करलेली भाकर, वर तूप, खारकेची पूड. वाळक्या पोराचा घास कोणाच्या दृष्टीला पडू नये, म्हणून धान्याच्या कोठीत, दार लावून. उरलेलंही बाहेर आणायचं नाही, उष्ट्यालासुद्धा नजर लागते म्हणे!

पोर दोन घास घ्यायचं आणि तोंड घट्ट मिटायचं. चिऊचा झाला, काऊचा झाला, छे! पहिल्या दिवशी उरलेल्याचं काय करू कळेना, म्हणून मी खाल्लं. दुसऱ्या दिवसापासून वाटच बघू लागले. आम्हा सुनांना सगळ्यांच्या मागून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, कोरडी भाकर आणि ठेचा. तूप फक्त वाढायला हातात यायचं. खरं सांगते, त्याने तोंड मिटलं की मला बरं वाटायचं. पुढे पुढे मी तिसरा घास पुढे करेनाशी झाले. जळ्ळी मेली भूक!

महिन्याभराने वैद्य आले. पोर जेवतं का, त्यांनी विचारलं.

सासूबाई म्हणाल्या, "बठ्ठी वाटी खाई टाकस, पन अंगले लागत नही."

"मग जंत आहेत," वैद्य म्हणाले. "दर तिसऱ्या दिवशी एरंडेल पाजा."

सगळी वाटी खातो म्हणे! मी दाराआड उभी होते. तो खात नाही, मी खाते, एवढंच सांगायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी माहेरी हाकलून दिलं असतं, आणि माहेरी तरी कोण ओवाळायला बसलं होतं? जीभ उचलली नाही.

एरंडेलही मीच पाजलं, नाक दाबून. ते मात्र पोटात जायचं. पोराला जुलाबावर जुलाब झाले, पार लोळागोळा झालं. मग मी एक घास तोंडात घातला नाही. त्याच्या हातापाया पडायचे, खा रे राजा, खा रे माझ्या सोन्या. दूध ओठांच्या कोपऱ्यातून गळून जायचं. उरलेलं मी उंदराच्या बिळात ओतायचे, आणि वाटी रिकामीच बाहेर आणायचे.

चौथ्या एरंडेलानंतर तो गेला.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी मला बोलावलं. त्यांची बाळंतिणीची खोली कोठीला लागूनच होती. म्हणाल्या, तू माझ्या लेकराला किती विनवून भरवायचीस, मी भिंतीपलीकडून ऐकत होते. माझ्याच्याने एवढं झालं नसतं. मग तान्ही मुलगी त्यांनी माझ्या ओटीत ठेवली.

"हिले बी तूच भरवजो," त्या म्हणाल्या.

मी मुलीला घेतलं. तेव्हाही बोलले नाही.