सासूबाई बर्फावर गाडी चालवतात

जानेवारीत सासूबाईंची गाडी बर्फावरून घसरली आणि रस्त्याकडेच्या झुडपांच्या कुंपणात नाक खुपसून थांबली. त्यांना खरचटलंसुद्धा नाही. गाडीचा एक दिवा फुटला, तेवढंच. पण ही बातमी आम्हाला त्यांच्याकडून नाही, त्यांच्या शेजारणीकडून कळली, आणि माझ्या नवऱ्याची झोप उडाली.

सासूबाई स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात राहतात. त्या आणि सासरे दोघंही तरुणपणी तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून आले आणि तिथलेच होऊन गेले. सासरे गेल्यापासून त्या एकट्याच आहेत. पायी जाता येईल असं एकही दुकान जवळपास नाही, बस येते ती आपल्या मर्जीनं. आम्ही राहतो ब्रॅकनेलला, म्हणजे जवळजवळ देशाच्या दुसऱ्या टोकाला.

नवरा जन्मानं याच देशातला. त्याचं मराठी घरातलं आहे, आणि व्याकरणाच्या बाबतीत तो मनाचा राजा आहे.

"आईचा ड्रायव्हिंग बंद करायला पाहिजे," तो म्हणाला. "लंडनमध्ये हॅरोला ताईच्या जवळ फ्लॅट बघू. तिथे ट्रेन आहे, देऊळ आहे, आपले लोक आहे. गाडी लागतच नाही."

"मग सांग तसं त्यांना."

"मी सांगितला तर भांडण होणार. तू जा ना. ती तुझा ऐकते."

ते खोटं नव्हतं. सासूबाई माझं ऐकतात, कारण मी त्यांना कधी काही सांगायला जात नाही. पण त्याचा चेहरा इतका ओढलेला होता की मी ऑफिसातून रजा घेतली आणि इन्व्हर्नेसचं विमान पकडलं.

एरवी त्या मला न्यायला विमानतळावर येतात. या वेळी फोनवर म्हणाल्या, "टॅक्सी करून ये गं, बाहेर थंडी फार आहे." थंडी त्या भागात नेहमीच असते. घरी पोचले तर गाडी गॅरेजमध्ये उभी होती, नवा दिवा लावलेला, धुऊनपुसून लख्ख. फ्रिजमध्ये दूध आणि अंडी, बाकी फार काही नाही. दूध शेजारीण आणून देते म्हणाल्या. त्यांनी पिठलं-भात केला होता. जेवताना मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा लोणच्याचं कौतुक करून गप्प बसले.

सकाळी त्या कोट-टोपी घालून तयार होत्या. हातात चहाचा फ्लास्क होता.

"आवर. आपल्याला एका ठिकाणी जायचंय," त्या म्हणाल्या. गाडीच्या किल्ल्या त्यांनी माझ्यापुढे धरल्या. "तू चालव."

मी ब्रॅकनेलमध्ये घर ते ऑफिस चालवते, तेही राउंडअबाउटचे गोल चौक सोडले तर सरळ रस्त्यानं. पण मोठ्या रस्त्यावर बर्फ वितळायला पहाटेच मीठ टाकून गेले होते, त्यामुळे मी बैलगाडीच्या वेगानं का होईना, निघाले. सासूबाई वाट सांगत होत्या. कुठे जायचंय ते सांगत नव्हत्या.

पोचलो ते एका जुन्या, बंद पडलेल्या धावपट्टीवर. तिथला एक माणूस कडाक्याच्या थंडीत त्या पट्टीवर ट्रॅक्टरनं पाणी मारून ते गोठू देतो आणि लोकांना बर्फावर गाडी चालवायला शिकवतो. काचेसारखा चकाकणारा नागमोडी ट्रॅक होता, दोन्ही कडांना मऊ बर्फाचे ढीग. साठीच्या आसपासचा तो माणूस पूर्वी शर्यतीत गाड्या चालवायचा. त्यानं आम्हा दोघींशी हात मिळवले.

सासूबाईंनी त्याला सरळ सांगितलं, "मी बहात्तर वर्षांची आहे. मागच्या महिन्यात माझी गाडी घसरली. आज मला चालवून बघा आणि शेवटी खरं ते सांगा. मी गाडी चालवावी की सोडावी. माझ्या वयाकडे बघून गोड बोलू नका."

मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "तू ज्यासाठी आलीस ते यालाच सांगू दे. तुझ्यावर उगाच ओझं कशाला?"

"तुम्हाला कसं कळलं, आई?"

"माझा मुलगा आहे तो. लहानपणीसुद्धा अवघड निरोप बहिणीकडून पाठवायचा."

तो त्यांच्या शेजारी बसला, मी मागच्या सीटवर. गाडी त्या माणसाच्या शाळेचीच, पण सासूबाईंच्या गाडीसारखीच ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना देणारी. बर्फावर ती इतकी सहज निघाली की मला नवल वाटलं. पहिलं वळण आलं. सासूबाईंनी ब्रेक दाबला, स्टिअरिंग वळवलं, आणि गाडी काहीच न ऐकता सरळ पुढे जात राहिली. त्यांनी स्टिअरिंग आणखी वळवलं. गाडी तशीच सरळ. धप्प करून आम्ही बर्फाच्या ढिगात शिरलो.

सासूबाईंचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

"अगदी असंच झालं होतं," त्या म्हणाल्या.

"मग बरंच झालं," तो शांतपणे म्हणाला. "आता काय होतं ते आपण दोघांनी पाहिलं. चार चाकांना जोर मिळतो म्हणून गाडी निघते छान. पण थांबताना तिच्यात आणि दुसऱ्या गाडीत काही फरक नसतो. नाक सरळ जायला लागलं की पेडलवरून पाय उचला, चाकं थोडी सरळ करा आणि क्षणभर थांबा. टायरला पकड सापडू द्या. आणि बघायचं कुठे? जिथे जायचंय तिथे. तुम्ही ढिगाकडे बघत होता."

"ढिगाकडेच बघणार ना. तिथेच तर जात होते."

तो हसला. मलाही हसू आलं, आणि गाडीतली हवा जरा मोकळी झाली.

दुसऱ्या फेरीतही आम्ही ढिगात गेलो. त्याच्या पुढच्या वेळी कडेला घासून सुटलो. प्रत्येक वेळी त्या "पुन्हा" एवढंच म्हणायच्या. हळूहळू मला मागून दिसायला लागलं की त्यांचे खांदे खाली आलेत. नाक सरळ जाऊ लागलं की त्या पाय उचलत, क्षणभर काहीच करत नसत, आणि मग बर्फावरून टायर वळल्याचा खरखर आवाज येई. मला त्या काहीच न करण्याचीच भीती वाटायची. मी दरवेळी सीटची कड धरत होते. मग त्यानं त्यांना मुद्दाम मागची चाकं घसरवायला लावली. गाडी गर्रकन फिरली, त्यांनी नजर ट्रॅकवर ठेवून ती सावरली, आणि आम्ही आडवे-तिडवे का होईना, ट्रॅकवरच राहिलो.

"हे मी केलं?" त्यांनी विचारलं.

"मी तर कशाला हात लावला नाही," तो म्हणाला.

मग त्यानं मलाही बसवलं. मी पहिल्याच वळणावर गाडी पूर्ण गोल फिरवली आणि आलो त्या दिशेला तोंड करून उभी केली. मागून सासूबाईंचं हसणं ऐकू आलं. सासरे गेल्यानंतर त्यांना तसं हसताना मी ऐकलं नव्हतं.

शेवटी आम्ही त्याच्या लाकडी खोलीत हीटरपाशी बसलो. सासूबाईंनी फ्लास्कमधला चहा तिघांना ओतला आणि कप न उचलता त्याच्याकडे बघत राहिल्या.

"चालवा," तो म्हणाला. "तुमचं लक्ष उत्तम आहे, हात उत्तम आहेत. तुम्ही गाडीवर जरा जास्तच भरवसा टाकला होता, तो आज गेला. थंडीत बर्फ धरणारे हिवाळी टायर लावा. आणि ज्या सकाळी रस्त्यावर मीठ पडलेलं नसेल त्या सकाळी घरी बसा. दूध दुसऱ्या दिवशी आणा. एवढं पाळलंत तर मला तुमची काळजी नाही."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी पुन्हा या. तेव्हाचं तेव्हा सांगेन."

त्यांनी मान हलवली, चष्मा काढला आणि पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होत्या. तो माणूस काहीतरी काम काढून बाहेर गेला.

"रोज गॅरेजमध्ये जाऊन बसायचे," त्या म्हणाल्या. "किल्ली फिरवायचे, इंजिन चालू करायचे, परत बंद करायचे. एकदासुद्धा बाहेर काढली नाही. मला वाटलं, संपलं."

"कुणाला सांगितलं का नाहीत?"

"कुणाला सांगू? तुम्ही लगेच हॅरो म्हणाला असता. हॅरो वाईट नाही गं. पण तिथे मी लेकीकडे आलेली पाहुणी. इथे पोस्टात गेले तरी लोक मला त्यांच्या नातवंडांचा खोकला दाखवतात."

मी त्यांचा हात धरला. आमच्यात तसं करायची फारशी पद्धत नाही. त्यांनी तो काढून घेतला नाही.

मग त्यांनी स्वतःच नवऱ्याला फोन लावला आणि त्या माणसाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. फोन त्यांनी स्पीकरवर ठेवला होता.

"शुअर, आई?" तो म्हणाला. "तू नीट आहेस?"

"नीट आहे. तुझी बायको गोल फिरली."

"टायर मी आजच ऑर्डर करतो," तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, "मला पण तो घर विकायचा नव्हता. मी तिथे मोठा झाला."

"मग सांगायचं होतंस."

"तू पण सांगायचा होतास ना, की घसरली."

मग दोघांनी जेवणात काय केलंय यावर बोलायला सुरुवात केली. मला माझ्या पाठीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. दोन आठवडे मनात घोळवलेली सगळी वाक्यं, "आई, राग मानू नका, पण" पासून सुरू होणारी, आता कुणालाच ऐकवायची नव्हती.

बाहेर ऊन पडलं होतं. सासूबाई आपल्या गाडीपाशी गेल्या, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि सीट पुढे ओढून घेतली. मी शेजारी बसले. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत मी रस्त्याकडे बघत होते, त्यानंतर डोंगराकडे. त्या पुढच्या वळणाच्याही पलीकडे नजर ठेवून, सावकाश, एका लयीत चालवत होत्या. हीटरची ऊब पायाशी येत होती.

कधी डोळा लागला कळलं नाही. त्यांनी खांद्याला हलवून उठवलं तेव्हा गाडी दुकानासमोर उभी होती.

"उठ," त्या म्हणाल्या. "घरात भाजी नाहीये. काय खाशील?"