अंजनगावला नेलेली जापानी फळं

ताईला अकोल्याला घेऊन यायचंच, असं ठरवून मी निघाले. भाऊजी गेल्यापासून ती अंजनगाव सुर्जीला एकटी असते, मुलगा पुण्यात. जठारपेठेतल्या माझ्या घरी दोन खोल्या रिकाम्या. शाळेत गृहविज्ञान शिकवून मी निवृत्त झाले, आता दिवसभर भांडायलाही कुणी नाही.

रिकाम्या हातानं कसं जायचं? बाजारात केशरी, लांबट टोमॅटोसारखी जापानी फळं, म्हणजे पर्सिमन, दिसली. मेळघाटातल्या टेंभराच्याच, म्हणजे तेंदूच्या, घराण्यातली ही. रंगातलं कॅरोटिन डोळ्यांना चांगलं, चोथा भरपूर, पोटाच्या तक्रारीवर बरा. ताईला तो जुनाच त्रास. किलोभर घेतली. महाग असतात, घासाघीस कराच.

अकोला, अकोट, अंजनगाव असा एसटीचा रस्ता. जागोजागी खणलेला, कंबरेचा निकाल लागतो. अकोटच्या स्टँडवर गरम आलुबोंडा खाऊन घ्या. पुढं दोन्हीकडं कपाशी, पण यंदा बोंडअळीनं वाट लावलेली, वेचायला बाया दिसेनात. शेजारच्या सीटवर माझी पिशवीच बसली होती. कुणाशी बोलणार?

ताईकडं शेजारच्या शमीमभाभी आल्या होत्या. त्यांच्या घरचा केळीचा धंदा. मी फळाचे गुण सांगत सांगत फोडी केल्या. तिघींनी एकदमच तोंडात टाकल्या.

"अवं माय, जीभच धरली माही," ताई म्हणाली.

"बाजी, ये तो कच्चा है," शमीमभाभींना हसू आवरेना.

झालं असं की, चपटी जात कडक असताना चालते, लांबट जातीत मात्र मऊ होईपर्यंत टॅनिनचा तुरटपणा असतो. मी आणली लांबट. वर्गात शिकवलेलं बाजारात विसरले. (कच्चं उपाशीपोटी तर मुळीच खाऊ नका, पोटात गोळा धरू शकतो.) ताई हसता हसता डोळे पुसत होती. भाऊजी गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. भाभी गेल्यावर वाटलं, आत्ताच विचारावं.

"चल ना माझ्यासोबत. एकटी काय करतेस इथं?"

"एकटी? सकाळी वावर, दुपारी भाभी, संध्याकाळी भजनाच्या बाया. मले कुठं वेळ हाय?" तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "तुलेच करमत नाही ना वं? म्हणून मले नेऊन राहिली."

मला राग आला. खरं होतं म्हणूनच आला.

"मंग तूच थांब," ती म्हणाली. "भाभीच्या केळात ठेवू हे. चार दिवसांत पिकतीन."

"कपडे नाही आणले."

"माह्या साड्या काय कमी हायेत?"

तरी मी संध्याकाळची बस धरली. हट्टीपणा, दुसरं काय.

चारेक दिवसांनी तिचा फोन आला. "पिकले वं. साय टाकून चमच्यानं खाल्ले. उरल्याचा शिरा केला. तुह्यासाठी एक ठेवलं होतं, पन रस सुटला, मंग तेही खाल्लं."

"गोड होतं?"

"लय गोड. तू थांबाले पायजे होतं."

फोन ठेवला आणि एकटीसाठी भात टाकला. फळांचं म्हणाल, तर लांबट घ्या, पण मऊ होईपर्यंत केळ्यांसोबत झाकून ठेवा आणि साखरेचा त्रास असेल तर बेतानं खा. आणि तिकडं कुणी थांब म्हणालं, तर थांबा. मी नाही थांबले.