चपला दारातच ठेवून

बाई गेल्याचे मला फोनवर कळले, तेही सगळे उरकल्यावर. शिवानंदचा, म्हणजे त्यांच्या पुण्यातल्या भाच्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत होते. "आत्या काल सकाळी गेल्या. माती पण झाली," तो म्हणाला. मी विचारले, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये असे काय झाले? तो म्हणाला, "ताई, मोतीबिंदू नव्हताच. पोटात गाठ होती. दिवाळीपासून माहीत होतं त्यांना... तुम्हाला सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं." मी फोन ठेवला आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली. रडू आले नाही. राग आला, आणि इतके आठवडे झाले तरी तो तसाच आहे. गेलेल्या माणसाविषयी चांगले बोलावे म्हणतात. मी प्रयत्न करते आहे, सगळीकडे जमेल असे नाही.

महानंदाबाईंनी आयुष्यभर सोलापुरात मराठी साहित्य शिकवले. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग त्याच विभागात सहकारी आणि शेवटी, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, लेक. त्यांनी लग्न केले नव्हते. घरात कानडी, वर्गात मराठी आणि कपाटात मनोविश्लेषणाची जाडजूड पुस्तके. आईमुलाचा बंध हा त्यांचा ध्यास. मुले मागे त्यांच्या तासाला 'आईशास्त्र' म्हणायची, ते त्यांना ठाऊक होते आणि आवडायचेही. जड शब्दांचा मात्र तिटकारा. पदराआड तोंड लपवून आई 'बुवा... कुक' करते ना, तिथूनच त्या सुरुवात करायच्या. गेलेले तोंड परत येते, हे मुलाला त्या खेळात कळते; एवढे कळले की ते मोठे व्हायला मोकळे. ज्याला ते कळले नाही, ते पुढे कादंबरीत नायक होऊन पानोपानी दार वाजवत फिरते. कुठलीही कादंबरी हातात घेतली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "या घरातून कोण न सांगता गेलं, ते आधी शोधा."

हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी वर्गातून उठून बाहेर गेले. बाई मागोमाग व्हरांड्यात आल्या. काही विचारले नाही, नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या... आणि जे मी कुणाला सांगितले नव्हते ते त्यांना सांगितले. वडील लवकर गेले. आई पुण्यात एका दवाखान्यात आया म्हणून लागली आणि मला केम गावी मामाकडे ठेवले. सुट्टी मिळाली की ती रेल्वेने यायची, आणि निघायची वेळ झाली की मला चुकवून जायची. आपल्याकडे सगळ्याच घरांत ही रीत आहे, लेकराला कुणीतरी शेळी दाखवायला न्यायचे आणि आईने मागच्या दाराने सटकायचे. माझी आई एक पाऊल पुढे होती. ती स्वतःच्या चपला पुढच्या दारात ठेवून मामीच्या घालून जायची. चपला दिसताहेत म्हणजे आई घरात आहे, असे समजून मी निवांत खेळत असे. दिवेलागणीला कळायचे. मग मी त्या चपलांपाशी बसायचे आणि मामी जेवायला ओढून न्यायची. पुढे पुढे आई घरात असली तरी मी तिचे पाय बघत बसायचे.

बाईंनी सगळे ऐकून घेतले. मग मला म्हणाल्या, "मी तुला कधी चुकवून जाणार नाही." मी मागितले नव्हते असले वचन. त्यांनी आपणहून दिले, म्हणून तर आज एवढे लागते आहे.

आणि त्यांनी ते पाळलेही, वर्षानुवर्षे. दर गुरुवारी मी त्यांच्याकडे जात असे. कुठेही निघाल्या की दारात थांबून 'होगी बर्तीनी' म्हणायच्या, जाऊन येते, आणि केव्हा येणार तेही सांगायच्या. मीही तसेच करायचे. 'जाते' म्हणणे अशुभ म्हणून आपण नुसते 'येते' म्हणतो, ही त्यांना लबाडी वाटायची. माझी मुलगी रांगत होती आणि माझी रजा संपली, तेव्हा आई माझ्याकडे राहायला आली होती. पहिल्याच दिवशी आई म्हणाली, "मी तिला गॅलरीत न्हेते, तू गुमान सटक." बाई नेमक्या तेव्हा मला न्यायला आलेल्या. त्या दारातच आडव्या उभ्या राहिल्या. "सांगून जा. रडू दे तिला. रडतं ते मूल आपल्यावर विश्वास ठेवून रडतं." पोरीने घर डोक्यावर घेतले. मी रिक्षात रडले. आई मात्र बाईंवर जी रुसली ती कायमची. "तुज्या बाईला एक तरी लेकरू हाय का?" एवढेच ती म्हणाली, आणि मला तेव्हा तिचाच राग आला होता.

आता तो दिवस. यंदाच्या चैत्रातली सकाळ, ऊन आताच तापू लागलेले. बाई पुण्याला भाच्याकडे निघालेल्या, पंधरा दिवसांत डोळा करून येते म्हणाल्या. रोड झाल्या होत्या. मी तसे म्हटले तर, "उन्हाळ्यात कोण जाडं होतं गं?" म्हणून उडवून लावले. रिक्षा खाली उभी, बॅग खाली पोचलेली. बाई म्हणाल्या, "वर गच्चीत सांडगे वाळत टाकलेत, तेवढे आत घे. कबुतरं बसतील." मी गेले. परात उचलली, पारव्यांनी घाण केलेले चार बाजूला काढले, खाली आले. खोलीत बाई नाहीत. खिडकीतून पाहिले, रिक्षाही नाही. दारात मात्र त्यांच्या रोजच्या चपला, अंगठा शिवून घेतलेल्या, तपकिरी. मला हसू आले. गाडीच्या घाईत नव्या घालून गेल्या, जुन्या इथेच, म्हणजे लवकर येणार... असे मला वाटले. मला! जिचे बालपण त्या चपलांपाशी गेले, तिला.

पुण्याला फोन केला की शिवानंद म्हणायचा, आत्या झोपल्यात. मी डोळ्याला आराम समजून गप्प बसायचे.

बातमीनंतर बाईंच्या घराची किल्ली घ्यायला गेले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आमाला म्हाईत हुतं की. दूधवाल्याला पण सांगितलं हुतं, रतीब बंद करायला. तुमालाच तेवढं सांगू नका म्हणल्या." मग किल्ली हातात देत, "ते सांडगे बी आमचेच हुते. सकाळी येऊन परात मागून न्हेली त्यांनी. मला वाटलं, आता आजारपणात ह्यांना सांडगे कशाला?"

ज्या बाईने जन्मभर न सांगता जाणाऱ्यांची चिरफाड केली, तिने उसने सांडगे आणून मला गच्चीवर धाडले. चपलांची युक्तीसुद्धा माझ्याकडूनच घेतली. दूधवाल्याला सांगता येते, मला नाही? लेक म्हणायचे ते मग काय होते?

हे सगळे मी आईवर ओतले. ती आता माझ्याकडेच असते, लसूण सोलत बसली होती. वाटले, म्हणेल, बघ, मी सांगत नव्हते? तिने मान वर केली नाही. "दूधवाल्याला सांगून जाता येतंय की. परक्याला सांगून कुणी बी निघतंय." पाकळीचे साल निघेना, तिने नखाने ओरबाडले. "तू रडशील म्हून न्हाय गं चुकवत हुते मी. तू रडली असतीस तर माजाच पाय निघाला नसता. ठेसनाला जाईस्तवर मागं बघत नव्हते."

हे मला कुठल्या पुस्तकात सापडले नव्हते. बाईंच्याही नाही. आम्ही सगळे साहित्य उंबऱ्याच्या आतल्या बाजूने वाचले, मुलाच्या. स्टेशनच्या वाटेवर मामीच्या चपलांत चालणारी ती बाई आम्ही एकदाही वाचली नाही. कळते मला हे. कळल्याने राग जातो असे बाई शिकवायच्या, तेही खरे नाही. मला त्यांचा हात धरायचा होता. पुण्याच्या त्या खोलीत बसायचे होते. तो हक्क त्यांनी माझ्याकडून काढून घेतला, आणि वचन त्यांनी दिले होते, मी नव्हे.

परवा शिवानंद घर रिकामे करणार म्हणून शेवटची जाऊन आले. गुरुवारच होता. पुस्तके पोत्यांत भरलेली, भिंतीवर फोटोच्या जागी पांढरे चौकोन. चपलांना कुणी हात लावला नव्हता, धूळ बसली होती तेवढीच. निघताना सवयीने तोंडात आले, 'बाई, जाते, पुढच्या गुरुवारी...' आणि मी ते गिळले. त्यांनी सांगितले नाही, मी का सांगू? कुलूप लावले आणि मागे न बघता जिना उतरले. रस्त्यावर पाऊल टाकले आणि डांबराने पाय चटकन भाजले, तेव्हा खाली पाहिले. माझ्या चपला वरच, त्यांच्या दारात राहिल्या होत्या. परत वर जायला पाय निघेना. तशीच अनवाणी रिक्षात बसले.