सतरा नंबरची घडी

प्रयोगशाळेत तिला सगळे 'इस्त्रीवाली ताई' म्हणायचे, कारण दिवसभर ती घड्याच बघत बसे. पेशीतल्या आरएनएचा लांब धागा चारच प्रकारच्या अक्षरांचा, आणि तो स्वतःवरच दुमडतो. कुठलं अक्षर कुणाला जाऊन बिलगेल, हे तिचा प्रोग्रॅम शोधून काढी. या कामात ती पडली दादामुळे. दादाचे आधी हात थरथरले, मग जीभ जड झाली, आणि चाळिशीतच तो गेला. त्याच्या जपून ठेवलेल्या रक्तात तिनेच कारण शोधलं: एक अक्षर बदललेलं, त्यामुळे घडीत एक फास जास्तीचा. असा बदल दुसऱ्या कुणात सापडला नव्हता. ताई स्वतः त्यातून सुटली होती.

एका दुपारी तिने वीस निरोगी माणसांचे नमुने तपासायला घेतले. सगळे संस्थेतल्याच लोकांनी दिलेले, वर फक्त नंबर. सतरावं चित्र पडद्यावर उमटलं. तोच फास.

अदलाबदल झाली असेल म्हणून तिने नमुना नव्याने वाचून घेतला. दोन दिवसांनी तेच उत्तर. आजूबाजूची शेकडो अक्षरं दादाच्या अक्षरांशी ताडून पाहिली. एकही चुकलं नाही. दादाला जाऊन नऊ वर्षं झाली होती. हे रक्त मागच्या आठवड्यातलं.

पाठीमागे कुणीतरी उभं होतं. काचसामान धुणारी बाई. सहा वर्षं तिथे होती, बोलायची कमी, ताईकडे मात्र टक लावून बघायची.

"सतरा नंबर माझा," ती म्हणाली. "निघालं ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

तिने ओला हात पुढे केला. बोटं थरथरत होती. "दादाचंही असंच सुरू झालं."

"कुणाचा दादा?"

"आपला. बाबा फिरतीवर जायचे ना, ते आमच्याकडे यायचे. आजारपणात दादा मला शोधत आला होता. ताईला सांगू नकोस म्हणाला."

बाबा तर ताईच्या लहानपणीच अपघातात गेले होते. आता भांडायचं तरी कुणाशी?

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"धीर झाला नाही. हात थरथरायला लागले, तेव्हा नळी भरून दिली."

ताईने तिला खुर्ची ओढून दिली. पुढच्या महिन्यात तिला लेकीसकट घरीच आणलं. दीड वर्षात बहिणीची जीभ जड झाली. तिची एकोणीस वर्षांची लेक आता 'मावशी, मावशी' करत घरभर वावरते. रक्त तपासायचं का, असं ताईने तिला एकदाच विचारलं.

"नको मावशी."

ताईने विषय पुन्हा काढला नाही. पण पोरीने भरलेला पेला उचलला, की ती खाली ठेवीपर्यंत ताईला घास गिळवत नाही.